झपाटलेलं रान टेबलावर कसं उभं करावं: भुतं कमी, नियम जास्त

एका डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, प्रश्न थोडक्यात असा आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती (२०१४ चे नियम), पाच जणांची पार्टी (प्लेअर्सच्या पात्रांचा गट), सगळे पाचव्या लेव्हलचे. पुढच्या दोन-तीन सेशन्समध्ये ते एका झपाटलेल्या जंगलात शिरणार आहेत. मागच्या वेळी डीएमने स्मशान उभं केलं, धुकं सोडलं, मागे संगीत लावलं, आणि प्लेअर्सनी सांगाड्यांना टोपणनावं ठेवून तीन राउंडमध्ये त्यांचा निकाल लावला. जंगल तरी खरोखर भीतीदायक व्हावं यासाठी काय करायचं?

माझं म्हणणं एवढंच की भुतं कमी करा आणि नियम वाढवा.

पाचव्या लेव्हलला विझर्डच्या (जादूगाराच्या) हाती फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र येतो आणि फायटर (लढवय्या) एका पाळीत दोनदा वार करतो. ज्याला हिट पॉइंट (जीव किती उरला याचा आकडा) आहेत ते या टप्प्यावर नुसतं गणित असतं, आणि तुमच्या प्लेअर्सना ते सोडवता येतं. सांगाड्याच्या जागी उलट्या पायांची हडळ आणलीत तरी इनिशिएटिव्हचा (लढाईत आधी पाळी कुणाची ते ठरवणारा) फासा पडला की तीही गणितातच जमा. माणूस टेबलावर घाबरतो तो आपल्याला पक्कं ठाऊक असलेलं काहीतरी चुकतंय असं वाटलं की. आपण कुठून आलो, किती जण आलो, आत्ता बोललं ते कोण. आणि आपणच इथलं काहीतरी मोडलंय हे उशिरा कळलं तर त्याहून जास्त. म्हणून झाडं-धुक्याच्या आधी रानाला एक मालक द्या, आणि त्या मालकाला कायदा द्या.

याचा नमुना शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. सह्याद्रीतल्या देवराया बघा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या या राखीव रानांवर १९७६ साली निबंध लिहिला, तेव्हापासून अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं. गावकऱ्यांना अर्थात कुणी सांगायची गरज नव्हती. वाघजाई, शिरकाई, म्हसोबा, वेताळ, भैरव, ज्या देवाचं रान त्याच्या परवानगीशिवाय तिथली फांदी तोडायची नाही. कित्येक ठिकाणी खाली पडलेली वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत. काही रायांमध्ये चामड्याची वहाण बाहेर काढून ठेवावी लागते. तिथे कुणी किंचाळत नाही, छाती पिटत नाही. जळणाची टंचाई असलेल्या घरातली बाई त्या वाळक्या फांद्यांच्या ढिगाशेजारून मोळी आणायला लांब निघून जाते, बस्स. तुमच्या रानाचा सूर हा असायला हवा.

एक सावधगिरी. खऱ्या देवांची नावं टेबलावर आणू नका. कुणाची कुलदेवता निघाली तर खेळ तिथेच बसतो, आणि ते योग्यच आहे. मी उदाहरणापुरतं रानाला ‘मुकी राय’ म्हणतो आणि मालकाला ‘राखण्या’. तळकोकणात आणि गोव्यात गावाचा राखणदार असतो, त्याची ही खेळातली सावली समजा.

मुक्या रायीचे नियम तीन. सीमेच्या दगडापलीकडे चामडं न्यायचं नाही. आतलं काही बाहेर न्यायचं नाही आणि जाळायचं नाही. आणि रात्री कुणी नावाने हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. शेवटचा तर आजीच्या तोंडून ऐकलेला असतो, त्यामुळे मराठी टेबलावर तो समजावावाच लागत नाही.

आता हे नियम घेऊन तुमच्या प्लेअर्सच्या कॅरेक्टर शीटकडे (पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाकडे) बघा. रोगच्या (चोरट्या पात्राच्या) अंगावर लेदर आर्मर, म्हणजे चामड्याचं चिलखत, आहे. सगळ्यांच्या पायात बूट आहेत. थंडीत रात्र काढायची तर शेकोटी हवी. आणि बार्ड (गाणारं-वाजवणारं पात्र) कुठल्याही हाकेला ओ देणारच. अजून एकही मॉन्स्टर आलेला नाही, पण टेबलावर वाद सुरू झालेला असतो. रोग म्हणतो, मी आर्मर काढणार नाही. पलाडिन (धर्मयोद्धा) म्हणतो, मग तू बाहेर थांब. तो वाद चालू द्या, मध्ये पडू नका. त्या वादात ते स्वतःच रानावर विश्वास ठेवायला लागतात.

नियम कळवायचे कसे, यात बरेच डीएम घसरतात. गावातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी तीनही नियम घातले की ते सूचना फलक होतात, आणि प्लेअर फलकाला वळसा घालायला बसतो. सांगू नका, दिसू द्या. गुराखी पोरगा दगडाशी वहाणा काढून पुढे जातो. तिथे आणखी एक जोड पडलाय, त्यात गवत उगवलंय. गावात संध्याकाळी एक आई मुलाला हाक मारते, मुलगा ऐकतो, पण ओ देत नाही. ती पुन्हा मारते, तो गप्प. तिसऱ्यांदा मारते तेव्हा ‘आलो’ म्हणतो. आईला त्यात काही वावगं वाटत नाही. दोन नियम असे नजरेला पडू द्या आणि तिसरा त्यांना मोडूनच कळू द्या.

मोडल्यावर शिक्षा लगेच नको आणि मोठी तर मुळीच नको. पहिल्यांदा नुसती खूण. रात्री जाळलेली काटकी सकाळी विझर्डच्या पिशवीत सापडते, अख्खी आणि ओली. दुसऱ्यांदा बदला: प्रत्येकाची एक लहानशी वस्तू गेलेली असते आणि तिच्या जागी तेवढ्याच लांबीची काटकी. कुणाचा खंजीर, कुणाची बासरी. तिसऱ्यांदा जे जातं ते पिशवीतलं नसतं. एखाद्याला आपल्या बहिणीचं नाव आठवत नाही, आणि त्याच्या शीटवर तुम्ही ते नाव खरोखर खोडता. पेनाने. शीट अॅपवर असेल तर त्याच्यासमोर डिलीट करायला लावा.

यादृच्छिक एन्काउंटरचा तक्ता (फासा टाकून वाटेत कोण भेटेल ते ठरवणारा) फेकून द्या. त्याऐवजी सहा घरांचं एक घड्याळ कागदावर काढा, सगळ्यांना दिसेल असं, आणि ते कशाचं आहे हे सांगू नका. नियम मोडला की एक घर भरायचं, आत रात्र काढली की एक घर. सहावं भरलं की राखण्या स्वतः येतो. तक्त्यावरचा फासा नशिबाचा असतो. हे घड्याळ त्यांच्या करणीचं असतं.

आता खेळाच्या नियमांमधल्या त्या गोष्टी, ज्या जंगलाची हवा काढून घेतात. बहुतेक सल्लागार म्हणतात, या क्षमता बंद करा. माझ्या मते ती फसवणूक आहे. प्लेअरने विचार करून घेतलेली गोष्ट त्याला पूर्ण वापरू द्या आणि तिच्यातूनच भीती काढा.

डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात बघायची शक्ती, घ्या. एल्फ आणि ड्वार्फ अंधारात ६० फूट बघतात, पण अंधारात त्यांना रंग दिसत नाहीत, सगळं करड्या छटांत. बरेच डीएम हे विसरतात. मग रायीतल्या सुरक्षित झाडांना लाल दोरा बांधा आणि धोक्याच्या झाडांना हिरवा. करड्यात दोन्ही सारखेच. रंग ओळखायचा तर दिवा लावावा लागतो, आणि दिवा लावला की आपण कुठे आहोत हे सगळ्या रानाला कळतं. निर्णय त्यांचा.

रेंजरचं (रानात वाट काढणाऱ्या पात्राचं) आवडतं क्षेत्र जंगल असेल तर २०१४ च्या नियमांप्रमाणे तो जादूखेरीज वाट चुकत नाही. छान. त्याला चुकवू नका. तो छातीठोकपणे सांगू दे की आपण सरळ उत्तरेला चाललोय, आणि ते खरं असू दे. तरीही सकाळचाच दगड पुन्हा समोर येतो. अडाणी माणूस हरवला तर कुणाला काय वाटायचं? ज्याचं चुकत नाही तो बरोबर असूनही तिथेच येतो, तेव्हा टेबल गप्प होतं.

टायनी हट या घुमट उभा करणाऱ्या मंत्रावर डीएम लोकांचा फार राग. आठ तास कुणी आत येऊ शकत नाही, सगळे निवांत झोपतात. पण तो घुमट बाहेरून अपारदर्शक आणि आतून पारदर्शक असतो. म्हणजे त्यांना बाहेरचं सगळं दिसतं. मध्यरात्री पहाऱ्यावर असलेल्याला सांगा, पंधरा पावलांवर कुणीतरी घुमटाकडे पाठ करून बसलंय. काही करत नाही. पुढच्या पहाऱ्याला ते दहा पावलांवर आहे, अजून पाठमोरंच. मग बाहेरून क्लेरिकच्या (पुजारी पात्राच्या) आवाजात विझर्डच्या नावाने एक हाक येते. क्लेरिक आत घोरतोय. मंत्र टाकणारा विझर्ड बाहेर पडला तर घुमट नाहीसा होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्हाला एकही फासा टाकावा लागत नाही. गुडबेरी या पोट भरणाऱ्या फळांच्या मंत्रावर मात्र वेळ घालवू नका. खाऊ दे त्यांना. उपाशी माणूस चिडतो, घाबरत नाही.

आता चकवा. माझ्या मते या रानाचा कणा तोच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. गावाकडे चकवा लागला म्हणतात तेव्हा माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे जिथून निघाला तिथेच असतो. यामागे माणसाच्या शरीराचा एक खरा दोषही आहे. यान सौमान आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात लोकांना सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य दिसत असताना ते बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी जंगलात मात्र गोल गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडत राहिले, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. ही खात्री डीएमसाठी सोन्याची आहे.

हे टेबलावर आणायचं तर नकाशा काढूच नका. षटकोनी खाने असलेला नकाशा समोर आला की प्लेअरला आपण कुठे आहोत ते कळतं, आणि तिथेच चकवा संपतो. सात-आठ जागा वेगवेगळ्या पत्त्यांवर लिहा: सीमेचा दगड, पारंब्यांचा वड, सुकलेला ओढा, कोळशाची जुनी भट्टी, पडकं देऊळ, काटक्यांची गंजी. पार्टी चालायला लागली की वरचा पत्ता उघडायचा, खेळून झाला की पुन्हा गड्डीत पिसायचा. प्रत्येक जागेच्या तीन अवस्था लिहून ठेवा. पहिल्या भेटीत जागा जशी असावी तशी. दुसऱ्या भेटीत एक गोष्ट बदललेली. तिसऱ्या भेटीत तो बदल त्यांच्याबद्दल असतो. वडाचंच घ्या: पहिल्यांदा नुसता वड. दुसऱ्यांदा त्याच्याभोवती ओल्या मातीत पाच जणांची पावलं, ते स्वतः इथून गेले होते, तेव्हा बरोबरच आहे. तिसऱ्यांदा पावलं सहा जणांची, आणि सहावा शेवटच्या माणसाच्या अगदी मागून चाललेला.

यासाठी सेशनच्या सुरुवातीपासून दर वेळी विचारत राहा, ‘सगळ्यात मागे कोण?’ आणि उत्तर वहीत लिहा. त्याचा काहीही उपयोग करू नका. ती पावलं दिसेपर्यंत प्रश्न कंटाळवाणा झालेला असेल, आणि त्यानंतर मागे चालायला कुणी तयार होणार नाही.

चकव्यातून सुटकाही हवी, नाहीतर तो छळ होतो. जुनी माणसं सांगतात, जागीच बसा, उजाडू द्या. तोच नियम ठेवा: जितकं चालाल तितकं आत जाल, थांबाल तर बाहेर याल. पण थांबायचं म्हणजे आत एक रात्र, आणि रात्रीला घड्याळाचं एक घर. हे कोडं पार्टीला कष्टाने सुटतं, कारण खेळात थांबणं म्हणजे हरणं अशी सवय सगळ्यांना लागलेली असते.

आवाज आणि उजेड यांच्यासाठी कल्पनाशक्ती ताणायची गरज नाही, पावसाळी सह्याद्री पुरेसा विचित्र आहे. शीळकरी कस्तूर हा पक्षी एखादं पोरगं रिकामटेकडेपणे शीळ घालत फिरावं तसा गातो. भेकर, म्हणजे हरणाची जात, चक्क कुत्र्यासारखं भुंकतं. रातवा अंधारात एकसुरी ठोके देतो. सुरुवातीला हे तीन आवाज नावानिशी द्या, रेंजरला ओळखू द्या, सगळे नैसर्गिक आहेत हे ठरू द्या. तासाभराने रातकिडे थांबवा. काही बोलू नका, फक्त सांगा की रातकिडे थांबले, आणि शीळ आता दोन ठिकाणांहून येतेय. मोबाइलवर भुताटकीचं संगीत लावायचा मोह आवरा. लावायचंच तर नुसता पाऊस लावा, अगदी हळू, आणि हवा तेव्हा बंद करा.

उजेडाचं त्याहून भारी आहे. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी अंधारात हिरवट चमकते. मुक्या रायीत खाली पडलेले ओंडके असेच चमकू द्या. मग पहाऱ्यावरच्या माणसाला सांगा: दूरचा एक ओंडका विझला. पुन्हा लागला. त्याच्या अलीकडचा विझला, पुन्हा लागला. मग त्याच्याही अलीकडचा. आकृती नाही, डोळे नाहीत. काहीतरी उजेडाच्या आड येत पुढे सरकतंय, हे प्लेअरच्या लक्षात येईपर्यंत तिसरा ओंडका झालेला असतो. कॅम्पेन लांब चालणार असेल तर कारवीही वापरा. ती सात वर्षांनी एकदाच फुलते. गावाने लग्नकार्यं, घरबांधणी सगळं त्या वर्षाच्या आधी उरकलेलं दिसलं, आणि डोंगर जांभळा झालेला दिसला, की पुढचं सांगायला म्हातारा लागत नाही.

एकही भूत नको असं नाही. एक ठेवा, आणि त्याला भांडणापेक्षा बोलायला लावा. मुंजा उत्तम. मुंज झाल्यावर गेलेलं पोर, पिंपळावर राहतं. त्याला खेळायला कुणीतरी हवंय, एवढंच. आठ वर्षांच्या पोरावर फायरबॉल टाकायला हात उचलत नाही आणि पाठही करवत नाही. पाचव्या लेव्हलचा क्लेरिक टर्न अनडेड (भुताखेतांना पळवायची शक्ती) वापरतो तेव्हा चॅलेंज रेटिंग (मॉन्स्टर किती अवघड याचा आकडा) अर्ध्यापर्यंतचे अनडेड वाचवणारा फासा हुकला की जागीच नष्ट होतात. म्हणून मुंजाचं रेटिंग मुद्दाम त्याच्या खाली ठेवा. आणि आधी त्याच्या बोलण्यातून कळू द्या की विहिरीवरची शिळा तो धरून बसलाय, कारण ‘खालच्यांना वर यायचंय’. इतकं ऐकूनही त्यांनी त्याला संपवलं तर विहिरीकडे बघायला लागतील ते तेच.

मारामारी एकच, उशिरा, आणि कुठल्या तरी मोडलेल्या नियमाची परिणती म्हणून. शॅम्बलिंग माउंड (पाल्या-वेलींचा चालता ढीग) घ्या, रेटिंग ५, १३६ हिट पॉइंट, विजेने मार खाण्याऐवजी बरा होणारा. वर्णन मात्र गारंबीच्या वेलीचं करा: माणसाच्या मांडीएवढं खोड, मीटरभर लांब शेंगा, आणि आत गुरफटलेल्या कुणाचे तरी बूट. चामड्याचे.

टेबलावरच्या काही गोष्टी. ‘तू घाबरलास’ असं प्लेअरला कधीच सांगू नका. फ्राइटन्ड (घाबरलेला) ही अवस्था शीटवर पडली की ती दंडासारखी वाटते, भीती निघून जाते. चिठ्ठ्या द्या, पण सगळ्यांना एकदम, आणि चौघांच्या चिठ्ठीवर ‘काही नाही, वाचून घडी घाल’ एवढंच असू द्या. डिस्कॉर्डवर खेळत असाल तर खासगी मेसेज तेच काम करतो. पहिला तासभर विनोद होतील, होऊ द्या. विनोद बंद पडला की समजा जमलं. भजी-चहाची सुट्टी मात्र नीट ठरवा. ओंडक्याच्या प्रसंगाआधी घ्या, नंतर नाही.

सुरू करण्याआधी एकदा गप्पा हव्यातच. जॉन स्टाव्हरोपोलोस यांचं एक्स-कार्ड टेबलावर ठेवा, म्हणजे कुणालाही कारण न देता प्रसंग थांबवता येतो. मेलेलं मूल हा विषय कुणाला नको असू शकतो. मग मुंजा काढा, विहिरीवर दुसरं कुणी बसवा. आणि खलनायक म्हणून गावातली करणी करणारी बाई आणू नका. आपल्याकडे अशा आरोपावरून खऱ्या बायांना मारहाण झाली आहे, २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. मालक रानच असू द्या.

घड्याळाचं सहावं घर भरलं की राखण्या येतो. त्याला शीट बनवू नका, हिट पॉइंट देऊ नका. त्याच्याशी करायचं ते गाऱ्हाणं. मालवणी मुलखात देवासमोर एकजण गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तसंच टेबलावर करा. एका प्लेअरने काय मोडलं ते कबूल करायचं, बदल्यात काय देणार ते सांगायचं, आणि प्रत्येक वाक्यावर बाकी चौघांनी मोठ्याने साथ द्यायची. पहिल्या वेळी हसतील. तिसऱ्या वाक्याला सांगा, साथ चौघांची नाही, पाच आवाज आले. मग विचारा, गाऱ्हाणं पुढे चालू ठेवताय का? मध्ये थांबणं हाही नियमभंगच असतो, हे त्यांना एव्हाना न सांगता कळलेलं असतं.

देणं ठरवताना सोनं-नाणं स्वीकारू नका. गेलेलं नाव परत हवं तर दुसऱ्या कुणाचं तरी द्या, किंवा पार्टीतल्या एकाने दर वर्षी परत यायचं, किंवा रोगने आर्मर दगडाशी सोडून जायचं. तिसरा पर्याय सगळ्यात स्वस्त वाटतो आणि त्यावरच सगळ्यात जास्त भांडण होतं.

आणि हो, कुणीतरी रान पेटवायचं म्हणेलच. फायरबॉल हाताशी असलेली पार्टी हे सुचल्याशिवाय राहत नाही. पावसाळा असेल तर ओलं रान नुसतं धुमसतं. उन्हाळा असेल तर खरंच पेटू द्या, अडवू नका. नियम आठवा: आतलं जाळायचं नाही आणि बाहेर न्यायचं नाही. पेटवल्याबद्दल घड्याळाची दोन घरं भरा. बाहेर पडताना कपड्यांवर, केसांत, घोड्याच्या आयाळीत राख आहे का विचारा. असली तर पुढचं गाव रायीची हद्द मानून त्याचे दोन पत्ते आत्ताच लिहून ठेवा, पुढच्या सेशनला लागतील.